मिरज-पंढरपूरची छोटी गाडी गेली कुठं? दुष्काळी पट्ट्यातल्या हरवलेल्या रेल्वेमार्गाची गोष्ट

१२ एप्रिल २०१६. पहाटेची वेळ. लातूर स्टेशनात एक गाडी येऊन उभी राहिली. गाडीत ना प्रवासी, ना सिमेंट, ना साखरेची पोती. होतं फक्त पाणी. १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर.

त्या उन्हाळ्यात लातूरची अवस्था अशी होती की पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्यामुळे मिरजेहून निघालेल्या या 'जलदूत'च्या बातम्या देशभर चालल्या. पुढं गाडीच्या वाघिणी वाढून ५० झाल्या, एका फेरीत २५ लाख लिटर पाणी जायला लागलं आणि एकूण शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या.

बातम्यांमध्ये मिरज दिसलं, लातूर दिसलं. मधले ३४२ किलोमीटर मात्र कुणाच्या फारसे लक्षात राहिले नाहीत. खरी गोष्ट त्या मधल्या रस्त्यात आहे. कारण पाण्याची गाडी ज्या वाटेनं गेली, त्या वाटेवर त्याच्या आठ-दहा वर्षं आधीपर्यंत एक वेगळीच रेल्वे धावत होती. रूळ जेमतेम अडीच फूट रुंदीचे, डबे बुटके, इंजिन लहान आणि वेग बेताचा. ती रेल्वे आज नाही. तिचे रूळ उचलले गेले, इंजिनं गेली, काही ठिकाणी तर तिची वाटसुद्धा शेतात मिसळून गेली.

आधी थोडं अमेरिकेत जाऊन येऊ

सोशल मीडियावर अमेरिकेतल्या वाळवंटांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. दूरवर वाळू, मध्येच रेल्वेचा मोडका भराव, दोन-चार भिंती आणि खाली लिहिलेलं असतं, 'घोस्ट टाउन'. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या वाळवंटातून 'टोनोपा अँड टाइडवॉटर' नावाची रेल्वे १९०७ ते १९४० या काळात धावली. टाकणखारासारखी खनिजं वाहून नेणं हा तिचा धंदा. वाटेत सोन्याच्या खाणींची गावं होती. त्यातलं ऱ्हायोलाइट हे १९०५ च्या सुमारास वसलं, बघता बघता हजारोंच्या वस्तीचं झालं, तिथं तीन मजली बँक उभी राहिली आणि १९२० पर्यंत गाव जवळपास रिकामं झालं. सोनं संपलं, माणसं गेली, मग रेल्वेही गेली.

आपल्याकडं असं गाव म्हटलं की धनुष्कोडी आठवतं. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात तिथलं स्टेशन, गाव आणि स्टेशनाकडं निघालेली पॅसेंजर असं सगळंच समुद्रानं नेलं.

आता तुम्ही म्हणाल, सांगली-साताऱ्यात कुठलं आलंय वाळवंट? बरोबर आहे. वाळवंट नाही, पण सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाची सावली आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास. साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत आणि सोलापुरातले सांगोला-मंगळवेढा हा सगळा एकमेकांना लागून असलेला कोरडा पट्टा. याच पट्ट्याच्या दक्षिण अंगानं ती छोटी गाडी मिरजेहून पंढरपूरला जायची.

एका इंग्रज इंजिनिअरचा हट्ट

गोष्ट सुरू होते बार्शीपासून. बार्शी ही जुनी व्यापारी पेठ. धान्य, कापूस, सगळ्याचा मोठा बाजार. पण मुंबई-सोलापूरची मोठी रेल्वे बार्शीला वळसा घालून गेली. स्टेशन पडलं ३०-३५ किलोमीटर दूर आणि त्याला नाव दिलं 'बार्शी रोड'. हेच आजचं कुर्डुवाडी.

इथं एक गंमत सांगायला हवी. जुन्या रेल्वे नकाशावर ज्या स्टेशनाच्या नावापुढं 'रोड' असेल, तिथं गाव नसतं. गावाकडं जायचा रस्ता असतो. बार्शी रोडला उतरलेल्या माणसाला बार्शी अजून बैलगाडीनं गाठायची असायची. ही 'रोड'ची भानगड पुढं सांगली-साताऱ्यातही भेटणार आहे.

एव्हरार्ड काल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. त्याच्या डोक्यात एक कल्पना घट्ट बसलेली. मोठी रेल्वे महाग पडते म्हणून लहान गावं रेल्वेविना राहतात, मग रेल्वेच लहान करून आणली तर? १८९५ साली लंडनमध्ये 'बार्शी लाइट रेल्वे' ही कंपनी नोंदवली गेली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू झाली.

रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजमध्ये ते १,६७६ मिलिमीटर असतं. म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण काल्थ्रॉपची खरी अक्कल रुळांच्या रुंदीत नव्हती, ती चाकांच्या हिशोबात होती.

रेल्वेचा खर्च कशावर ठरतो? गाडीच्या एकूण वजनावर नाही, तर एका आसावर किती वजन येतं त्यावर. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. एका आसावर जास्त भार आला की रूळ जाड लागतात, पूल मजबूत लागतात, भराव पक्का लागतो. काल्थ्रॉपनं ठरवलं, इंजिन असो की डबा, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार द्यायचाच नाही. इंजिन जड असेल तर त्याला चाकं जास्त लावायची, म्हणजे वजन वाटलं जाईल. त्यामुळे सुरुवातीला रूळ वापरले ते एका मीटरला फक्त १५ किलोचे. आज मुख्य मार्गांवर एका मीटरला ६० किलोचे रूळ असतात. चौपट फरक! हलके रूळ आले म्हणजे कमी पैशात जास्त लांब रेल्वे.

हा हिशोब इतका जमला की हलक्या रेल्वेच्या जगात बार्शीचं नाव उदाहरण म्हणून घेतलं जाऊ लागलं. काल्थ्रॉप पुढं इंग्लंडमध्ये गेला आणि त्यानं लीक अँड मॅनिफोल्ड ही अशीच छोटी रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. बार्शीवाली तिच्यापुढं सत्तर वर्षं टिकली. जाता जाता अजून एक, याच माणसानं पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारण्यासाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं. रेल्वे इंजिनिअर आणि पॅराशूट, दोन्हीत सूत्र एकच, भार कसा वाटायचा.

बार्शीची गाडी हळूहळू लांबत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी ३२५ किलोमीटरच्या आसपास. मिरजेला रेल्वे पोचली त्याच वर्षी काल्थ्रॉप वारला.

पांडुरंगाची गाडी

पंढरपूरला रेल्वे नेण्यामागं कंपनीची भक्ती नव्हती, धंदा होता. आषाढी आणि कार्तिकीला लाखो लोक एकाच गावी जातात, म्हणजे एवढी तिकिटं खपणारच. पण वारकऱ्यांनी ती गाडी आपलीशी करून टाकली. यात्रेच्या दिवसांत डबे कमी पडायचे, मग मालडब्यातून माणसं जायची, टपावर बसायची. टपावर पांढऱ्या टोप्या आणि फेट्यांची रांग असलेले या गाडीचे फोटो बऱ्याच जणांनी पाहिले असतील. डब्याच्या आतपेक्षा वर गर्दी जास्त.

१९५४ साली सरकारनं कंपनी ताब्यात घेतली आणि ही लाइन मध्य रेल्वेत गेली. वाफेची इंजिनं जाऊन पुढं डिझेलची आली. पण बाकी कारभार तोच. मिरज सोडलं की आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, म्हसोबा डोंगरगाव, सांगोला आणि मग पंढरपूर. साधारण १३५ किलोमीटर.

या वाटेवर जमीन कशी बदलते ते खिडकीतून दिसतं, आजही दिसतं. मिरजेच्या बाजूला कृष्णेचं पाणी आहे. ऊस दिसतो, आरगच्या भागात नागवेलीचे पानमळे दिसतात. पूर्वेला सरकू लागलं की हिरवा रंग कमी होत जातो. कवठेमहांकाळच्या पुढं माळ सुरू होतात, बाभळी, मेंढरांचे कळप, उघडे खडक. पूर्वी हा फरक फार झपाट्यानं जाणवायचा. आता मधेमधे द्राक्षबागा आणि डाळिंबं दिसतात. ती कुठून आली, ते पुढं येईलच.

जत रोड हे स्टेशनही त्या 'रोड'च्या यादीतलं. जत गाव तिथून बरंच लांब. स्टेशन माळावर, गाव दुसरीकडंच. अशा स्टेशनाभोवती एक छोटीशी दुनिया असायची. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गँगमनच्या चाळी, पाण्याची टाकी, एखादं चहाचं हॉटेल, गाडीच्या वेळेला जमणारे टांगे आणि नंतर वडाप. दिवसातून दोन-चार वेळा गाडी आली की जाग यायची, गाडी गेली की पुन्हा सामसूम. गाडी बंद झाल्यावर पहिली मोडते ती हीच दुनिया. गाव मोडत नाही, स्टेशन मोडतं.

मग ती बंद का पडली?

जी गोष्ट तिला स्वस्त करत होती, तीच तिच्या मुळावर आली.

समजा लातूरचं धान्य मुंबईला न्यायचंय. ते छोट्या गाडीत भरायचं. कुर्डुवाडीला रुंदी बदलली, म्हणून पोतं न पोतं उतरवायचं, हमालांनी मोठ्या वाघिणीत चढवायचं. वेळ गेला, मजुरी गेली, फुटतूट झाली ती वेगळीच. ट्रक आला आणि तो थेट अडत्याच्या दारातून मुंबईच्या दारात जायला लागला, तेव्हा या मालवाहतुकीचा जीवच गेला. उरले प्रवासी. त्यांनाही एसटी लवकर पोचवायची. तिकीट स्वस्त म्हणून जे गाडीनं जायचे ते जात राहिले, आणि यात्रेला गर्दी व्हायची तेवढी होत राहिली.

या सगळ्याचा नमुना म्हणजे मिरज जंक्शन. १९७१ नंतर बरीच वर्षं मिरजेत तिन्ही रुंदीचे रूळ एकाच आवारात होते. पुण्या-कोल्हापूरकडं ब्रॉडगेज, बेळगावकडं मीटरगेज आणि पंढरपूरकडं नॅरोगेज. रेल्वेप्रेमींसाठी ती पर्वणी आणि माल हलवणाऱ्यांसाठी डोकेदुखी.

१९९२ मध्ये रेल्वेनं देशभर एकच रुंदी करायचं धोरण घेतलं. कुर्डुवाडी-पंढरपूर हा तुकडा २००१-०२ च्या सुमारास बदलला. लातूरची बाजू २००७-०८ मध्ये झाली. त्यात तर जुना मार्ग सोडून रेल्वे वळवली आणि उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला नेली. मिरज-पंढरपूरची छोटी गाडी २००८ साली थांबली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथं ब्रॉडगेज आलं.

आता परत त्या पाण्याच्या गाडीकडं येऊ. 'जलदूत'च्या एका वाघिणीत साधारण ५४ हजार लिटर पाणी. म्हणजे ५४ टन नुसतं पाणी, वर वाघिणीचं स्वतःचं वजन. सगळं मिळून चार आसांवर वाटलं तरी एका आसावर २० टनांच्या आसपास. काल्थ्रॉपची मर्यादा किती होती? ५ टन. छोटी गाडी राहिली असती तर मिरजेचं पाणी त्या प्रमाणात लातूरला जाऊच शकलं नसतं. जुन्या गाडीसाठी हळहळणाऱ्यांनी हा हिशोबही लक्षात ठेवायला हवा.

दुसरी बाजूही आहे. छोटी गाडी प्रत्येक थांब्यावर थांबायची, अगदी कुठल्याशा माळावरसुद्धा. एक्सप्रेस तशी थांबत नाही. आज त्या पट्ट्यातल्या लहान स्टेशनांवरून मोठ्या गाड्या धडधडत जातात आणि गावकरी फाटकाशी उभं राहून बघतात.

साताऱ्यातलं स्टेशन, जे नकाशावरून गेलं

पुणे-मिरज लाइनची कथा वेगळी, पण मूळ दुष्काळातच. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात धान्य होतं पण पोचवायला रस्ते नव्हते. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगानं १८८० मध्ये सांगितलं, दुष्काळी भागात रेल्वे घाला. त्यातून 'सदर्न मराठा रेल्वे' ही कंपनी आली आणि १८९० च्या आसपास पुण्याहून सातारा जिल्ह्यातून मिरजेपर्यंत मीटरगेजची लाइन झाली.

त्या लाइनवर सातारा शहर नव्हतं. होतं 'सातारा रोड'. जरंडेश्वराच्या डोंगराजवळ पाडळीच्या हद्दीत. साताऱ्याला जायचं तर तिथं उतरायचं आणि पुढं टांगा करायचा. स्टेशन होतं म्हणून तिथं कूपर यांचा लोखंडी नांगर आणि इंजिनांचा कारखाना आला, कामगारांची वस्ती आली, बाजारपेठ आली. म्हणजे गावाला नाव मिळालं ते दुसऱ्या गावाच्या रस्त्यावरून!

पुढं १९६७ ते ७१ या काळात ही लाइन ब्रॉडगेज करताना मार्ग बदलला आणि रेल्वे माहुलीजवळून साताऱ्याला आणली. आजच्या वेळापत्रकात जरंडेश्वर आहे, सातारा आहे, कोरेगाव आहे. सातारा रोड नावाचं स्टेशन नाही. गाव मात्र अजून 'सातारारोड' म्हणूनच ओळखलं जातं. स्टेशन गेलं, पाटी उरली.

याच लाइनवर अजून दोन गावं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक किर्लोस्करवाडी. १९१० साली औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळ माळ दिला. निवडुंग आणि साप यांचंच राज्य होतं तिथं. त्यावर कारखाना आणि गाव उभं राहिलं, पुढं स्टेशनाचं नावसुद्धा कुंडल रोड बदलून किर्लोस्करवाडी झालं. ते गाव आजही नांदतंय.

दुसरं ओगलेवाडी, कराड स्टेशनच्या पायथ्याशी. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानातच काचेचा कारखाना काढला. इथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रातल्या घराघरात होता. आजीच्या माळ्यावर एखादा सापडेलही. वीज आली आणि कंदील माळ्यावर गेला, मग कारखानाही बंद पडला. जिल्ह्यात ऱ्हायोलाइटच्या जवळ जाणारं काही असेल तर हे. फक्त माणसं गेली नाहीत. कराड वाढत वाढत तिथं पोचलं आणि कारखान्याची आठवण वस्तीच्या नावात राहिली.

कराडच्या पुढं शेणोली लागतं. ७ जून १९४३ रोजी रेल्वेचा पगार घेऊन जाणारी गाडी इथं अडवली गेली. अडवणारे होते प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे तरुण, पुढारी जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड. साधारण १९ हजार रुपये हाती लागले. कॅप्टन भाऊ म्हातारपणीही सांगायचे, आम्ही लुटलं नाही, इंग्रजांनी लुटलेलं परत आणलं. रुळांच्या कडेला त्याचं स्मारक आहे. गाडीतून जाताना डोळा लवला की निघून जातं.

मग ओस पडलेली गावं खरंच आहेत का?

आहेत, पण रेल्वेमुळं नाहीत. इथं माणसं गावातून उठतात ती पाण्यापायी.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' बऱ्याच जणांनी शाळेत किंवा नंतर वाचलेली असते. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथं आलेला तरुण मास्तर आणि शेवटी दुष्काळ पडून रिकामी होणारी वस्ती. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांनी लिहिलेलं ओस पडणं हे या पट्ट्यानं पुन्हा पुन्हा पाहिलंय. १९७२ मध्ये पाहिलं, नंतरही पाहिलं.

फरक एवढाच की इथलं गाव एकदम आणि कायमचं रिकामं होत नाही. ते हप्त्याहप्त्यानं रिकामं होतं. मेंढरं घेऊन धनगर चाऱ्याच्या मागं जातात. काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. गिरण्या होत्या तेव्हा पोरं मुंबईला जायची. आणि खानापूर-आटपाडीतली तर वेगळीच तऱ्हा. इथले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशाच्या कानाकोपऱ्यात पसरलेत. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा, विटा-आटपाडीकडचा माणूस भेटायची शक्यता दाट. त्यांची गावाकडची घरं मोठी आणि सुंदर आहेत. वर्षातले बहुतेक दिवस त्यांना कुलूप असतं. यात्रेला उघडतात, चार दिवस गजबजतात, पुन्हा बंद. परक्या माणसाला भर दुपारी अशा गल्लीतून जाताना वाटेल, गाव सोडून गेलंय. गेलेलं नसतं. ते कोइम्बतूरला दुकानात बसलेलं असतं.

आता पाण्याचं. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवायच्या म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी चित्र बरंच बदललं. मघाशी आलेल्या द्राक्षबागा आणि डाळिंबांमागं मोठा वाटा याच पाण्याचा. म्हैसाळ मिरज तालुक्यात, टेंभू कराडजवळ. दोन्ही योजना कित्येक दशकं रखडत पूर्ण होत गेल्या आणि जिथं पाणी पोचलं तिथली माणसं परत यायला लागली. जिथं पोचलं नाही तिथला राग किती होता हे जत तालुक्यानं दाखवलं. पाणी मिळत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो, असा ठराव तिथल्या ४० गावांनी २०१२ च्या सुमारास केला होता. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तो उकरून काढला आणि दोन राज्यांत पेटापेटी झाली. जी गावं एकेकाळी जत रोडवर छोट्या गाडीची वाट बघायची, ती आता पाण्याच्या पाटाची वाट बघत होती.

जुनी वाट बघायची असेल तर

रिल बनवायला निघण्याआधी दोन गोष्टी. बंद पडलेल्या रेल्वेची जमीन बहुतेक वेळा रेल्वेचीच असते आणि तिच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. शिवाय मिरज-पंढरपूर मार्ग जिवंत आहे. त्या रुळांवरून चालायचं नाही, पुलावर उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे मिरजेहून पंढरपूरकडची गाडी धरा आणि खिडकीत बसा. जुन्या छोट्या रेल्वेला तीव्र वळणं चालायची. टेकडी आली की ती वळसा घालून जायची, कारण खोदाई महाग. ब्रॉडगेजला तशी वळणं चालत नाहीत, म्हणून जिथं जागा मिळाली तिथं मार्ग सरळ केला. त्यामुळे आपली गाडी सरळ जात असताना बाजूनं एखादा बुटका भराव हळूच वळत दूर जाताना दिसला, त्यावर बाभळी माजलेल्या असल्या, आणि ओढा आला की खाली रुंदीला अगदीच कमी असलेली दगडी मोरी दिसली, तर जुनी वाट असण्याची शक्यता धरा.

घरी बसूनही शोधता येतं. उपग्रहाच्या नकाशात शेतांचे बांध साधारण चौकोनी दिसतात. त्यांच्यामधून एखादी रेघ लांबच लांब, हळुवार बाक घेत, कुठल्याही बांधाची पर्वा न करता जात असेल तर ती पाणंद नाही. पाणंदी काटकोनात वळतात, बैलगाडी कुठंही वळते. इतकं सावकाश वळावं लागतं ते फक्त रेल्वेला. सातारारोड ते कोरेगाव हा पट्टा असाच निवांत बघा आणि आजची लाइन कुठून वळली ते ताडून पाहा.

गावातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसाला विचारलंत तर नकाशाची गरजही पडणार नाही. रूळ कुठून जायचे, पाण्याची टाकी कुठं होती, कुठल्या चढाला गाडी धापा टाकायची, हे त्यांना पाठ असतं.

मिरजेत असाल तर हैदरखान विहीरही पाहून घ्या. आदिलशाहीच्या काळातली ही विहीर रेल्वेनं पाण्यासाठी वापरली. २०१६ मध्ये कृष्णेचं पाणी या विहिरीत आणून तिथून 'जलदूत'च्या वाघिणी भरल्या जात होत्या.

आणि वाटेवरचं सांगोला स्टेशन. दुष्काळी म्हणून ज्या तालुक्याचं नाव सरकारी कागदात कायम असायचं, तिथून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली. भाजीपाला आणि डाळिंबं घेऊन ती बंगालमधल्या शालीमारला निघाली होती. कुर्डुवाडीला यावेळी एकही पेटी उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागली नाही.